उलटं विसण

सुझुनाच्या आंघोळीचं पाणी त्या संध्याकाळी फुमिएनं उलटं कालवलं आणि कालवताना तिच्या ध्यानातही आलं नाही.

ध्यानात येणार कसं? लेकीचे वरचे दात हिरड्या फोडून येत होते. खाली ठेवलं की रडं आणि उचललं की खांद्यावर लाळेचा ओघळ, असा दिवस गेला होता. एका हातानं तिला कडेवर सावरायचं आणि दुसऱ्या हाताला जे जवळ लागेल ते उचलायचं. नळ जवळ होता, म्हणून लाकडी घंगाळात आधी नळाचं गार पाणी सोडलं. मग गॅसवरची किटली आणून त्यात कढत पाणी ओतलं, कोपर बुडवून पाहिलं आणि ती लेकीचं झबलं सोडायला बसली.

तेवढ्यात सासूबाई, तोमेबाई, मुळ्याच्या लोणच्यावर दगड ठेवून हात पुसत आत आल्या. फुमिएच्या शेजारची किटली अजून वाफाळत होती आणि नळाखालची जमीन अजून ओली होती. म्हातारीनं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. पुढे होऊन तिनं घंगाळ दोन्ही हातांनी कलतं केलं. पाणी न्हाणीभर पसरलं, उंबऱ्यापर्यंत गेलं. सुझुनाला गंमत वाटली. ती नागडीच त्या पाण्यात फतकल मारून बसली आणि हात आपटू लागली.

"आई, अहो, कुणाला भाजलं असतं म्हणजे?" फुमिए म्हणाली.

"भाजलं असतं तर परवडलं असतं," तोमेबाई म्हणाल्या. "जित्या माणसाचं पाणी कसं कालवतात, हे तुझ्या आईनं शिकवलं नाही वाटतं."

ऊन पाणी आधी, गार विसण मागून. हे त्या किनाऱ्यावर शिकवावं लागत नाही, चालण्याबोलण्यासारखं ते अंगातच येतं. माणूस गेला की मात्र घरातलं सगळं फिरतं. किमोनोची उजवी बाजू डावीवर येते. पांघरुणाची गळ्याकडची कड पायाकडे जाते, घडीचा पडदा उलटा, डोक्यावर उभा करतात, उशी उत्तरेला. आणि शेवटच्या आंघोळीला आधी गार पाणी घेऊन वरून ऊन ओततात. गेलेल्याला कळावं म्हणून. इथून पुढे तुझी वाट वेगळी, बाबा, मागे वळू नकोस. तोमेबाईंनी आपल्या नवऱ्याला अशाच पाण्यानं पुसलं होतं, सासऱ्यांनाही.

फुमिए शाळेत शिकवणारी बाई. तिनं हसून वेळ मारून न्यायला पाहिलं. "कसंही मिसळा, आई, पाणी शेवटी कोमटच होतं ना?"

"पाणी कोमटच होतं," सासूबाई म्हणाल्या. "हाताला सवय लागते."

त्या रात्री सुझुनाची आंघोळ राहिली. तोमेबाईंनी तिला नुसत्या ओल्या फडक्यानं पुसलं, आणि पुसताना त्यांचे ओठ हलत होते.

*

खरं दुखणं विसणाचं नव्हतंच, हे दोघींनाही ठाऊक होतं.

तोमेबाईंचा एकुलता एक मुलगा, फुमिएचा नवरा इवाओ, हिवाळा सरता सरता एकटाच बुरी माशाच्या जाळ्यांकडे नाव घेऊन गेला होता. दुपारी कोळी-संघाचा एक माणूस दारात आला, टोपी काढून हातात चुरगाळत उभा राहिला आणि म्हणाला, "उलटी होती, नाव." तळ आभाळाकडे. इवाओ कुठेच नव्हता. फुमिएच्या आतल्या शिक्षिकेनं त्या क्षणीही टिपलं की या माणसानं वाक्य उलटं बोललं. त्याची तिला नंतर किती तरी दिवस लाज वाटत राहिली.

ती भाषा शिकवायची. वाक्यातलं शेवटचं पद उचलून आधी ठेवण्याचा एक अलंकार आहे, तो मुलांना समजावताना ती म्हणायची, मनाला ज्याची वाट पाहवत नाही ते आधी बाहेर पडतं, उरलेलं वाक्य मागून धावत येतं. भ्यालेला माणूस असं बोलतो, प्रेमात पडलेला असं बोलतो. इवाओनं लग्नाचं विचारलं तेव्हा तोही असाच बोलला होता, "राहशील का, माझ्याकडे, तू?" ती हसत सुटली होती. हे काय वाक्य झालं? तर तो म्हणाला होता, तुझ्या शाळेत चालतं ना असलं, मग मला का नाही.

त्याच शाळेत मात्सुकुरा सर विज्ञान शिकवायचे. त्यांनाही 'उलट' हाच शब्द लागायचा, पण हवेसाठी. एरवी हवा खाली ऊन आणि वर गार. वसंतात तातेयामाच्या डोंगरांवरचं बर्फ वितळून नद्यांवाटे खाडीत उतरतं, पाण्यालगतची हवा गारठते, वर मात्र ऊबदार थर पसरतो. हवा उलटली की त्यातून येणारा उजेड वाकतो, आणि पलीकडच्या किनाऱ्यावरच्या चिमण्या, पूल, बोटी पाण्यावर डोक्यावर उभ्या राहिलेल्या दिसतात. गावातले लोक ते मृगजळ बघायला बंधाऱ्यावर गर्दी करतात. शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना सर म्हणायचे, "बाई, आपण दोघं एकच धडा घेतो. तुम्ही फळ्यावर, मी खाडीवर." ते ऐकून इवाओ म्हणाला होता की एका धड्याला दोन शिक्षक, म्हणूनच मुलांना काही येत नाही.

आता बाळंतपणाची रजा वाढवून ती घरी होती, आणि घरात एकच प्रश्न होता. देह मिळाला नव्हता. नातेवाईक म्हणत होते, त्याचे कपडे ठेवून विधी उरकून घ्या, किती दिवस असं अधांतरी ठेवणार. तोमेबाई तेच म्हणत होत्या. फुमिए नाही म्हणत होती. विधी केला की घर उलटं करायचं, पडदा डोक्यावर, पाणी उलटं. आणि एकदा तसं केलं की तिच्याच हातानं तो गेलेला ठरला. तोपर्यंत नाही. तोपर्यंत तो फक्त उशीर झालेला माणूस होता.

म्हणून ती रोज संध्याकाळी त्याच्या जागेवर सावलीचं ताट मांडायची. दूर गेलेल्या माणसासाठी घरोघरी मांडतात तसं: भात, मिसोचं कढण, भाजलेला मासा. जेवणं झाली की भाताच्या वाडग्याचं झाकण उचलून आतून बघायचं. थेंब जमलेले असले तर माणूस सुखरूप आहे. ऊन भातावर झाकण ठेवलं तर थेंब येणारच, हे तिला कळत नव्हतं थोडंच. पण रोज ते थेंब बघून जीव भांड्यात पडायचा.

उलट्या पाण्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं झाकण उचललं तर आतली बाजू कोरडी होती. तिनं बोट फिरवून पाहिलं. भात तर वाफाळत होता. मग झाकण खाली ठेवताना तिचा तळवा ओला झाला. थेंब बाहेरच्या बाजूला होते, घाम फुटल्यासारखे, दाट.

तिनं ते फडक्यानं पुसून टाकले आणि कुणाला सांगितलं नाही.

*

सुझुनाला वर्ष नुकतंच झालं होतं. भिंतीला धरून चार पावलं टाकायची, मग बुडावर आपटायची, आणि जणू तेच करायचं होतं असा चेहरा करायची. झोपताना आईच्या कानाची पाळी चिमटीत धरल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे. बापाला ती 'तोतो' म्हणायची. तो धक्क्यावरून घरी आला की दारातच गुडघ्यावर बसून दोन्ही हात खाली पसरायचा, आणि ही रांगत रांगत त्या हातांत जाऊन पडायची. तो गेल्यापासून 'तोतो' हा शब्द तिनं टाकून दिला होता.

त्या आंघोळीनंतर ती दिवसा झोपू लागली आणि दिवेलागणीला टक्क जागी होऊ लागली. मुलं करतात असं. पण निजवताना डोकं डोंगराकडे केलेलं असायचं आणि सकाळी पाहावं तर पोर गरकन फिरून डोकं समुद्राकडे. तिथे समुद्र म्हणजे उत्तर. फुमिएनं दोन्ही बाजूंना उशांचे बांध घातले. सकाळी उशा जागच्या जागी आणि पोर मात्र फिरलेली.

पितरांसाठी होणाऱ्या महिन्याच्या पठणाला विहारातले भिक्षूबाबा आले तेव्हा तिनं त्यांना बाजूला घेऊन विचारलं. ते गोल चेहऱ्याचे, गोडाचे शौकीन गृहस्थ. तांदळाचा गोड लाडू खात म्हणाले, उत्तर-दक्षिण, उलटं-सुलटं, असलं आमच्या पंथात काही लागत नाही. मेला तो लगेच बुद्धाच्या दारी गेला, त्याला वाटेत थांबायला वेळ कुठे आहे? तुम्ही शिकलेल्या, तुम्ही कशाला मनावर घेता. फुमिएला बरं वाटलं. मग निघताना ते आतल्या खोलीशी थबकले. सुझुना भरदुपारी गाढ झोपली होती, डोकं समुद्राकडे. भिक्षूबाबांनी बोलता बोलता वाकून ती छोटी गादी पोरीसकट अलगद फिरवली, डोकं डोंगराकडे केलं आणि हवापाण्याच्या गप्पा मारत चपला घालून चालू लागले.

त्याच दिवशी सुझुना उठली तेव्हा तिचं झबलं फिरलेलं होतं. फुमिएनं स्वतः डावी बाजू वर घेऊन कडेला बंद बांधले होते. आता उजवी बाजू वर होती. बंदांना फास होता, पण तो तिचा नव्हता. चपटा, मागून वेढा घेतलेला, ओढला की घट्ट होणारा. तिला तो सोडवेना. तिनं सासूबाईंना हाक मारली.

तोमेबाईंनी बघितलं आणि खाली बसल्या. "जाळ्याची गाठ आहे ही. मीच शिकवली होती त्याला, एवढासा असताना."

"तुम्ही बांधलीत, आई?"

"माझी बोटं बघ," म्हातारी म्हणाली. संधिवातानं वाकडी झालेली बोटं तिनं पुढे धरली. "मला आता चपलेचा पट्टा ओढवत नाही."

गाठ कात्रीनं कापावी लागली. फुमिए कापत असताना सुझुना खाली मान घालून त्या बंदाकडे असं बघत होती की जणू काही तिचंच काढून घेतायत.

मग तोमेबाई बोलल्या, आवाज न चढवता. "उलटं कुणाचं तरी व्हायचंच होतं, फुमिए. ज्याचं करायचं त्याचं तू करू दिलं नाहीस. त्याला अजून कळलेलं नाही आपण कुठे आहोत ते. घर सुलटं दिसतंय, ताट मांडलेलं दिसतंय, मग तो येणारच. आणि आला की सगळ्यात आधी काय उचलायचा तो, घरात शिरल्या शिरल्या?"

फुमिएला उत्तर माहीत होतं. म्हणूनच तिनं जे बोलू नये ते बोलून टाकलं. "तुम्हाला तुमचा मुलगा मेलेला हवाय."

तोमेबाईंनी कापलेल्या बंदाचा तुकडा उचलून मुठीत धरला. "मला तो कुठेतरी असलेला हवाय," त्या म्हणाल्या.

त्यानंतर दोघी कामापुरतंच बोलू लागल्या. आणि सुझुनानं नवा खेळ काढला. भिंत सोडून उभी राहायची, हात जमिनीला टेकवून वाकायची आणि पायांच्या फटीतून मागे बघायची. शेजारच्या योनेबाई कुंपणावरून म्हणाल्या, अगं, पोर वाकून बघायला लागली म्हणजे पाहुणा येणार, नाहीतर हिच्या पाठचं भावंड येणार. मग आपण कुणापुढे हे बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या कांद्याची जुडी ठेवून निघून गेल्या. तोमेबाईंना मात्र दुसरंच आठवलं. कोळी तसं बघतात, समुद्रात अनोळखी नाव समोर आली की. पाठ करून पायांतून बघायचं. खरी नाव पाण्यात दिसते. जी पाण्याच्या वर अधांतरी दिसते ती मेलेल्यांची, तिला ओ द्यायची नाही.

सुझुना रोज वाकायची ती समुद्राकडे पाठ करून. आणि हसायची. ओळखीचं माणूस दिसल्यासारखं.

*

मे महिन्यातल्या एका सकाळी हवा एकदम गोड झाली. थंडीही नाही, उकाडाही नाही, वारा म्हणाल तर गालाला जेमतेम कळेल एवढा. गावच्या कर्ण्यावरून सांगितलं की आज मृगजळ दिसण्याचा संभव चांगला आहे. फुमिएला घरात गुदमरत होतं. तिनं लेकीला टोपी घातली आणि तिला घेऊन ती बंधाऱ्यावर गेली.

दुर्बिणी, घडीच्या खुर्च्या, भाताचे लाडू, सगळी जत्रा जमली होती. मात्सुकुरा सर शाळेतल्या मुलांना घेऊन आले होते. फुमिएला बघून ते गडबडले. काय बोलावं हे न सुचून त्यांनी सुझुनाला विचारलं, काय बाईसाहेब, हजेरी लावायला आलात? मग त्यांनी मुलांकडे मोर्चा वळवला.

पलीकडचा किनारा पाघळू लागला होता. कारखान्याची चिमणी आधी ताणली गेली, मग तिच्या डोक्यावर दुसरी चिमणी उलटी येऊन टेकली. मुलं ओरडली. सरांनी त्यांना हवेचे थर सांगितले. "समजा, टबात आधी गार पाणी भरलं आणि वर हळूच ऊन पाणी ओतलं. तशी आहे आज खाडीवरची हवा. खाली गार, वर ऊन."

फुमिएनं सरांकडे वळून पाहिलं. सरांना ते घरचं माहीत असायचं कारण नव्हतं, ते आपले विज्ञान सांगत होते. पण तिला दिसलं की सगळी खाडीच त्या पाण्यानं भरली आहे. कुणीतरी आधी गार घेतलं आहे आणि वरून ऊन ओतलं आहे.

"आता वाकून बघा," सर मुलांना म्हणाले. "पायांतून. उलटं पुन्हा उलटं केलं की काय होतं?"

"सुलटं," मुलं म्हणाली.

"नीट बघा. चिमणीवरची अक्षरं वाचा."

दुर्बिणी हातोहात फिरल्या. वाकलेल्या मुलांमधली एक मुलगी म्हणाली, सर, सरळ आहेत, पण आरशातल्यासारखी आहेत. वाचता येत नाहीत. सर खूश झाले. हेच तर. वरचं खाली गेलेलं परत वर आणता येतं, पण मग उजव्याचं डावं होऊन बसतं. एकदा उलटलेली गोष्ट फिरवून फिरवून पहिल्यासारखी होत नाही. कोपऱ्यात तिची खूण राहतेच.

तेवढ्यात कुणीतरी खाडीच्या तोंडाकडे बोट दाखवलं. तिथे एक नाव दिसत होती. लहान, एकट्या माणसाची. पाण्याच्या बरीच वर, तळ आभाळाकडे. तिच्याखाली खरी नाव नव्हतीच.

सर म्हणाले, खरी नाव क्षितिजाच्या पलीकडे असेल, तिची फक्त उलटी प्रतिमा वर आली, होतं असं कधी कधी. लोक बरं म्हणाले. फुमिएनं सुझुनाला क्षणभर खाली ठेवलं होतं, टोपीचा बंद नीट करायला. तिनं मान वर करून नावेकडे पाहिलं आणि परत खाली पाहिलं तर लेक तिच्यापुढे नव्हती.

सुझुना बंधाऱ्याच्या कडेच्या अलीकडे वाकून उभी होती. पाठ समुद्राकडे, डोकं खाली, पायांच्या फटीतून बघत. हसत होती. आणि तसंच वाकलेलं राहून एक एक पाऊल मागे टाकत होती. ज्या पोरीला भिंत सोडून धड पुढे चालता येत नव्हतं, ती मागे चालत होती, न अडखळता. पुढे आईचा चेहरा आणि मागे नुसतं पाणी.

"तोतो," सुझुना म्हणाली.

फुमिए कशी पोचली तिलाच कळलं नाही. तिनं लेकीला कमरेत धरून उचललं तेव्हा पोरीची टाच सिमेंटच्या कडेवर होती. सुझुना संतापून रडू लागली, हात समुद्राकडे पसरू लागली. फुमिएनं तिला छातीशी आवळलं. लोक धावले. मात्सुकुरा सरांचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. ते म्हणत होते, बसा, बाई, बसा.

ती बसली नाही. लेकीला एका काखेत घट्ट धरून, सगळ्या गावासमोर, समुद्राकडे पाठ करून ती वाकली आणि पायांतून पाहिलं.

नाव सरळ झाली होती. इतकी जवळ दिसायला नको होती, पण दिसत होती. नाळेवर, नावेच्या पुढच्या टोकाला, इवाओ गुडघ्यावर बसला होता. अंगात मासेमारीचा रबरी अंगरखा नव्हता, आंघोळीनंतर घरात घालायचा निळ्या रेघांचा किमोनो होता, जो खणात घडी करून ठेवलेला होता. दोन्ही हात खाली पसरलेले, पोरीला घ्यायला पसरायचा तसे. डावा खांदा थोडा पडलेला, जाळं ओढायच्या चाकात सापडल्यापासून तो तसाच असायचा. किमोनोची डावी बाजू उजवीवर, जित्या माणसाची असते तशी. चेहऱ्यावर नेहमीचं, उशीर झाल्याचं हसू. सगळं बरोबर होतं. अगदी त्याचं होतं. तिच्या तोंडून हाक निघणारच होती.

आणि तेवढ्यात तिच्या कानात सरांच्या वर्गातल्या मुलीचं वाक्य आलं. सरळ आहेत, पण आरशातल्यासारखी आहेत.

आरशातलं दिसायला हवं होतं. खांदा उजवा पडलेला दिसायला हवा होता. किमोनो फिरलेला दिसायला हवा होता. चिमणीवरची अक्षरं फिरली, सगळ्या जगाची फिरली, एकटा हा कसा फिरला नाही? ज्याचं इथून बघितल्यावर सगळं जिथल्या तिथं दिसतं, तो तिथे सगळाच्या सगळा उलटा असला पाहिजे. खांदा फिरलेला, कापड उजवं वर घेतलेलं. त्याचं उलटं झालेलं होतं. समुद्रानं ते कधीच, कुणाला न विचारता, करून टाकलेलं होतं. राहिलं होतं ते फक्त घराचं.

तिनं त्याला ओ दिली नाही. तोंड मिटून, डोळे उघडे ठेवून, तिनं त्याला जेवढं बघता येईल तेवढं बघून घेतलं. रक्त डोक्यात उतरून गरगरायला लागलं. मग ती सरळ उभी राहिली, आणि मागे वळून न बघता घरी चालू लागली.

*

तोमेबाई अंगणात समुद्रशेवाळ वाळत घालत होत्या. सुनेच्या चेहऱ्याकडे आणि तिच्या काखेत हुंदके देणाऱ्या नातीकडे बघून त्यांच्या हातातली टोपली तशीच राहिली.

"आजच करूया, आई," फुमिए म्हणाली. "इवाओचं."

तिच्या आतली शिक्षिका या वेळी काही बोलली नाही.

तोमेबाईंनी टोपली खाली ठेवली. उजेड होता तोवर त्यांनी पडदा आणून डोक्यावर उभा केला. पांघरुणाची कड फिरवली. फुमिएनं खणातून निळ्या रेघांचा किमोनो काढला. लग्नानंतर तिनंच शिवला होता. समुद्रावर तो कधी गेला नव्हता. त्यानं एवढं जपलं होतं की कोपरसुद्धा झिजलं नव्हतं. देहाच्या जागी तो गादीवर पसरला, गळा समुद्राकडे.

मग फुमिएनं घंगाळात आधी गार पाणी घेतलं. पाणी स्थिर होईपर्यंत ती थांबली. मग किटली उचलली. हात थरथरेल असं वाटलं होतं, पण थरथरला नाही. सासूबाई म्हणाल्या होत्या ते खरं होतं, हाताला एकदा सवय झालेली होती. ऊन पाणी गार पाण्यावर पडलं आणि वाफ आलीच नाही.

फडकं बुडवून दोघींनी ते कापड पुसलं. बाह्या, पाठ, गळा. तोमेबाई पुसता पुसता सांगत होत्या की लहानपणी हा आंघोळीला कसा पळायचा, कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन लपायचा, आणि एकदा अंड्यावरच बसला होता. सांगताना त्या हसत होत्या. हसता हसताच त्यांचं रडं फुटलं, घशातून, खाली मान घालून. हिवाळ्यापासून त्या पहिल्यांदाच रडत होत्या. फुमिएनं त्यांच्या वाकड्या बोटांतून फडकं काढून घेतलं आणि राहिलेलं स्वतः पुसलं. मग उजवी बाजू डावीवर घेतली आणि बंद बांधला. आपला साधाच, दोन फासांचा.

"जा आता," ती म्हणाली. "हिला ठेवून जा."

सुझुना इतका वेळ चटईच्या कडेला बसून बघत होती. आता ती रांगत आली, किमोनोच्या रिकाम्या बाहीवर तिनं हात ठेवला, आणि थोड्या वेळानं हात काढून अंगठा तोंडात घातला.

घंगाळातलं पाणी अंगणात ओतायला फुमिएनं उचललं तेव्हा थोडं हिंदकळून तिच्या ओठांवर उडालं. खारट होतं. नळाचं पाणी, किटलीचं पाणी आणि एक न झिजलेला किमोनो, एवढंच त्यात होतं. तिनं सासूबाईंकडे पाहिलं. तोमेबाईंनी बोट बुडवून जिभेला लावलं, मान हलवली, आणि दोघींनी मिळून ते पाणी समुद्राकडच्या कुंपणाशी सांडलं.

त्या संध्याकाळी सावलीचं ताट मांडलं नाही. वाडगं धुऊन, पुसून, पालथं घालून ठेवलं.

मग घंगाळ घासून घेतलं. तोमेबाईंनी नातीला धरलं, आणि फुमिएनं आधी कढत पाणी ओतलं. वाफेचा मोठा लोट उठला, न्हाणीची खिडकी धुकटली. त्यावर तिनं गार पाण्याचं विसण घातलं, थोडं थोडं, कोपर बुडवून बघत, पुन्हा थोडं. सुझुना पाण्यात बसली आणि तिनं दोन्ही हातांनी असा तडाखा दिला की आजी नखशिखांत भिजली.

"बापावर गेलीय," तोमेबाई तोंड पुसत म्हणाल्या. "पळत तरी नाही, एवढंच."

निजताना सुझुनानं आईच्या कानाची पाळी धरली. सकाळी फुमिए उठली तेव्हा लेक गादीवरून लोळत लोळत आजीच्या गादीपर्यंत गेली होती. डोकं उत्तरेलाही नव्हतं आणि दक्षिणेलाही. आजीच्या पोटावर होतं, आडवं, तोंड उघडं, आणि लाळेनं आजीचा किमोनो भिजला होता.